हिमालयातली पांढरी

“डोंगरच पाहायचे, तर आपले महाबळेश्वर काय वाईट आहे?” आमच्या सौभाग्यवतींचा सवाल बिनतोड होता. पण नेपाळची राष्ट्रीय उद्याने पाहण्याचे वेड माझ्या डोक्यात फार वर्षांचे. त्याचे खरे कारण मी तेव्हा तिला सांगितले नव्हते.

पहिला मुक्काम चितवनचा. १९७३ साली स्थापन झालेले हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान. राप्ती नदीकाठी माणूस बुडेल एवढे उंच गवत. ते हलले, दुभंगले आणि आतून साक्षात एकशिंगी गेंडा बाहेर आला! सौभाग्यवतींनी त्यानंतर महाबळेश्वरचे नाव काढले नाही.

वाटाड्या बोलका होता. या उद्यानाच्या आत पूर्वी पदमपूर म्हणून वस्ती होती, ती बाहेर हलविली, असे तो सहज बोलून गेला. ‘गाव हलविले’ हे शब्द मात्र माझ्या काळजात रुतले.

कारण मी सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून दमलेले गाव गाढ झोपेत होते. पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटे झाली आणि दगडमातीच्या जाड भिंती माळवदासकट माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे नवे सास्तूर वसले. रस्ते रुंद, घरे भक्कम. पण भिंतीला भिंत लावून असलेला शेजार हरवला. माझे वडील अखेरपर्यंत जुन्या पांढरीवर, म्हणजे गाव जिथे नांदत होते त्या जागेवर, जाऊन बसत. आम्ही त्यांना वेडे म्हणत असू.

आता लांगटांगला जाण्याचे कारण वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. २५ एप्रिल २०१५ रोजी सकाळी अकरा वाजून छप्पन मिनिटांनी नेपाळ हादरला. सात हजार मीटरहून उंच अशा लांगटांग लिरुंगच्या उतारावरून हिम आणि दगडांचा लोट खाली आला. लांगटांग गाव त्यात गाडले गेले. कड्याच्या आडोशाचे एकच घर वाचले. त्या खोऱ्यात तीनशेहून अधिक माणसे दगावली.

स्याब्रूबेसीहून दोन दिवस चढत गेलो. खाली बांबू आणि वानरे, मग गुरांसची झाडे, वर याक आणि वारा. हे सारे १९७६ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण इथली गावे आतच राहिली. नेपाळात उद्यानाच्या उत्पन्नातील तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतालच्या वस्त्यांसाठी ठेवण्याची तरतूद आहे.

जुन्या गावावरच्या दगडधोंड्यांतून पायवाट जाते. तिथून थोडे वर नवे लांगटांग उभे आहे. मेलेल्यांची नावे कोरून ठेवली आहेत. चहा देणाऱ्या बाईला मी मोडक्या हिंदीत विचारले, “दिदी, पुन्हा इथेच का?”

ती हसली. “याक कुठे चारू, दाजू? आणि गेलेली माणसे तर इथेच आहेत. त्यांना सोडून कुठे जाऊ?”

मी गप्प झालो. नवी घरे बांधली नसती, तर आमच्या माणसांनी पावसात कुठे राहायचे? हे खरेच. पण घर बांधून देता येते, पांढरी देता येत नाही, हेही तितकेच खरे. वडील वेडे नव्हते, हे मला तिथे, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, चहाचा पेला हातात असताना उमगले.

खाली उतरताना सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमची जुनी पांढरी मला कधी दाखवलीच नाहीत.”

लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. खरोखरच नेले नव्हते. यंदा भाऊबीज आटोपली, की सास्तूरला जाणार आहोत.