सावली पायाखाली केव्हा येते?

घड्याळात बाराचे ठोके पडले की सूर्य डोक्यावर आला, असे आपण सगळेच म्हणतो. बोलण्यात ते चालते. पण वर्गात एखादा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, बारा वाजून गेले, तरी झेंड्याच्या काठीला सावली आहेच," तर त्याला खाली बसवू नका. पोर खरे बोलते आहे.

महाराष्ट्रात सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य सहा महिने उत्तरेकडे सरकताना दिसतो, सहा महिने दक्षिणेकडे. उत्तरेची त्याची हद्द म्हणजे कर्कवृत्त. टपालवाला जाताना एकदा आणि परतताना एकदा आपल्या दारावरून जातो ना, तसाच हा आपल्या गावाच्या माथ्यावरून दोनदा जातो. दिल्ली या हद्दीच्या पलीकडे आहे, म्हणून तिथल्या मुलांना हा दिवस कधीच दिसत नाही.

आपल्याकडे 3 मेच्या सुमारास सावंतवाडी, 6-7 मेला कोल्हापूर, 13-14 मेला पुणे, 15-16 मेला मुंबई आणि 26 मेच्या सुमारास नागपूर, असा हा प्रवास असतो. परतीची फेरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होते. पण तेव्हा आभाळ भरलेले. म्हणजे खरी संधी मे महिन्यातलीच, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी! तेव्हा गुरुजी, सुट्टी लागण्यापूर्वीच मुलांना तारीख सांगून ठेवा.

आता वेळ. बारा वाजता हे घडेल असे समजू नका. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे, आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. मे महिन्यात मुंबईची खरी मध्यान्ह साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी होते, नागपूरची 12 वाजून 10 मिनिटांनी. आपल्या गावची वेळ काढणे सोपे आहे. त्या दिवशीचा सूर्योदय आणि सूर्यास्त पंचांगात पहा आणि दोहोंच्या बरोबर मधली वेळ काढा.

सपाट जागेवर एक सरळ उभा डबा ठेवा. शेजारी मीटरभर लांबीची काठी रोवा आणि ती ओळंब्याने तपासा. काठी कलली तर सगळेच फसले. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. पाहायचे ते सावलीकडे. सूर्याकडे मात्र कोणी पाहू नये, डोळ्यांना कायमची इजा होते. मध्यान्ही डब्याची सावली डब्याखाली दडते. मुले उड्या मारून पाहतील. मारू द्या, उडीबरोबर सावली नेमकी पायांखाली दिसते.

या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत आणखी एक गंमत घडते. एरवी दुपारची सावली उत्तरेला पडते. पण जूनमध्ये सूर्य आपल्याही उत्तरेला गेलेला असतो, म्हणून मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. उत्तरेकडच्या ओसरीवर त्या दिवसांत ऊन येते ते याचमुळे. उलट डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात मीटरभर काठीची दुपारची सावलीसुद्धा सुमारे 90 सेंटिमीटर भरते.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. इजिप्तमध्ये सायिनी या गावी सूर्य माथ्यावर असताना उत्तरेच्या अलेक्झांड्रियात सावली पडत होती. त्या सावलीचा कोन त्याने मोजला.

हेच काम आपल्या दोन शाळा करू शकतात. कोल्हापुरात सावली नाहीशी होते त्या दिवशी नागपूरच्या शाळेने आपल्या मध्यान्ही मीटरभर काठीची सावली मोजावी. ती आठ सेंटिमीटरच्या आतबाहेर भरेल. कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून काठीच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला, तर तो साडेचार अंशांच्या आसपास येतो. नकाशावर दोन्ही गावांतले नुसते उत्तर-दक्षिण अंतर मोजा, सडकेचे नव्हे. ते सुमारे 500 किलोमीटर आहे. पूर्ण वर्तुळाचे 360 अंश, म्हणजे असे 80 तुकडे. मग 80 गुणिले 500 हा गुणाकार मुलांनाच फळ्यावर करू द्या.