'फ्रॉयलाइन'ची 'फ्राउ' झाली तेव्हा

जर्मन शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात एक पेच पडतो. समोरच्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे ठरवल्याशिवाय साधं 'कशी आहेस?'सुद्धा विचारता येत नाही. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. आपल्याला हे ओळखीचंच वाटतं.

पण हिशेब निराळा आहे. आपण वय बघतो, नातं बघतो. सासऱ्यांना 'अहो', आईला मात्र 'अगं'. जर्मन घरात आजी-आजोबा, आई-वडील, नवरा-बायको सगळेच 'डू'. देवसुद्धा 'डू', आपल्या विठोबासारखा! 'झी' असतं ते परक्या मोठ्या माणसांसाठी. त्यात तुसडेपणा नसतो. अंतर राखणं हाही तिथे आदरच. 'झी'वरून 'डू'वर यायचं तर कुणीतरी तसं सुचवावं लागतं. तो मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा आणि जुन्या रिवाजाप्रमाणे स्त्री-पुरुषांमध्ये स्त्रीचा. तरुण मंडळी अर्थात एवढं थांबत नाहीत.

बायकांना एवढा मान देणारी ही भाषा त्यांना हाक मारताना मात्र अडखळायची. लग्न झालेली ती 'फ्राउ', न झालेली 'फ्रॉयलाइन'. आता 'लाइन' हा प्रत्यय लावला की कुठलीही गोष्ट छोटी होते. म्हणजे 'फ्रॉयलाइन' ही छोटीशी बाई. वर व्याकरणात हा शब्द नपुंसकलिंगी! पन्नाशीची, नोकरीत मुरलेली शिक्षिकासुद्धा लग्न केलं नाही म्हणून छोटीच. अविवाहित पुरुष मात्र पहिल्यापासून 'हेर'च. उलट, डॉक्टरांच्या बायकोला 'फ्राउ डॉक्टर' म्हणायची पद्धत होती, आपल्याकडच्या 'डॉक्टरीणबाईं'सारखी. शिक्षण त्याचं, पदवी हिला!

बायकांनी याला हरकत घेतली. अखेर १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहखात्याने सरकारी कचेऱ्यांना कळवलं, की प्रत्येक सज्ञान स्त्रीला 'फ्राउ'च म्हणायचं, लग्न झालेलं असो वा नसो. हळूहळू 'फ्रॉयलाइन' बोलण्यातूनही मागे पडलं. आज एखाद्या अनोळखी बाईला तसं म्हटलं, तर तिला राग येण्याचीच शक्यता जास्त.

सभ्यता नुसत्या गोड शब्दांत नसते, समोरच्याला पूर्ण माणूस मानण्यात असते. आपल्याकडे पुरुषाला एक 'श्री.' जन्मभर पुरतो. मग आपल्याच नावाआधी 'कु.' की 'सौ.' याची चौकशी कशाला हवी, नाही का?