पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील नवे उपचार

पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी लहान ग्रंथी आहे. तिच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार व संप्रेरक उपचार हे प्रस्थापित उपचार होत. २०१० नंतर शरीरात पसरलेल्या रोगासाठी अनेक नवी औषधे उपलब्ध झाली. ती रोग समूळ नाहीसा करीत नाहीत. परंतु आयुष्य वाढवतात.

पार्श्वभूमी

या कर्करोगाची वाढ पुरुष संप्रेरकांवर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वृषणे काढून किंवा इंजेक्शने देऊन टेस्टोस्टेरॉनची पातळी घटवली, की रोग मागे हटतो. मात्र पसरलेला रोग बहुतेक रुग्णांत काही काळाने पुन्हा वाढू लागतो. अशा रुग्णांचे आयुष्य वाढवणारे पहिले रसायनोपचार औषध, डोसेटॅक्सेल, २००४ मध्ये मान्य झाले.

नवी संप्रेरक औषधे

पुन्हा वाढलेल्या रोगाला संप्रेरकांची गरज उरत नाही, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द कर्कपेशी अल्प प्रमाणात पुरुष संप्रेरके तयार करीत राहतात. ॲबिरॅटेरोन (अमेरिकेत मान्यता २०११) ही निर्मिती रोखते. एन्झाल्युटामाइड (२०१२) पेशीतील संप्रेरक-ग्राहीला अडवते. ॲपाल्युटामाइड व डॅरोल्युटामाइड ही त्यानंतरची औषधे. आरंभी ही औषधे अखेरच्या टप्प्यात दिली जात. पुढील चाचण्यांत, पसरलेल्या रोगाचे निदान होताच मूळ उपचारांसोबत ती सुरू केल्यास रुग्ण अधिक काळ जगतात, असे आढळले.

जनुकाधारित उपचार

काही रुग्णांत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांत दोष असतो. त्यामुळे पेशीला डीएनएची दुरुस्ती नीट करता येत नाही. दुरुस्तीचा दुसरा मार्गही ओलापारिबसारख्या औषधाने बंद केला, की कर्कपेशी मरते. दोष आनुवंशिक असल्यास नातेवाइकांचीही तपासणी सुचवली जाते.

किरणोत्सारी औषधे

रेडियम-२२३ कॅल्शियमप्रमाणे अस्थींत शोषले जाते व तेथील गाठींवर अल्फा किरणांचा मारा करते. ल्युटेशियम-१७७ वर आधारित उपचारात हे मूलद्रव्य पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूस जोडतात. हे प्रथिन बहुतेक पुरःस्थ कर्कपेशींच्या पृष्ठभागावर विपुल असते. ते रुग्णाच्या गाठींवर आहे की नाही, हे आधी पेट स्कॅनने पाहिले जाते. ‘व्हिजन’ या चाचणीत ८३१ रुग्ण होते. त्यांतील मध्यक आयुर्मान नेहमीच्या उपचारांत ११.३ महिने, तर ल्युटेशियमची जोड दिल्यावर १५.३ महिने आढळले. लाळग्रंथींतही हे औषध साठत असल्याने तोंड कोरडे पडते. भारतात ल्युटेशियम-१७७ चे उत्पादन तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत होते.

ग्रंथीपुरता मर्यादित रोग

सौम्य रोगात लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांद्वारे लक्ष ठेवले जाते. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार या तिन्ही गटांत १५ वर्षांनंतर या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. अतिजोखमीच्या रोगात मात्र अधिक व्यापक उपचार लाभदायक ठरू शकतात. मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या ‘पॉप-आरटी’ चाचणीत ओटीपोटातील लसिका ग्रंथींनाही किरणोपचार दिल्यावर पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण घटले. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

दुष्परिणाम व खर्च

दीर्घकालीन संप्रेरक उपचारांनी अस्थी ठिसूळ होतात, थकवा येतो व कामेच्छा मंदावते. नवी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागत असल्याने खर्च हा निर्णायक घटक ठरतो. वृषणे काढण्याची एकवेळची, स्वल्प खर्चाची शस्त्रक्रिया त्यामुळे भारतात आजही केली जाते. ७२ रुग्णांच्या एका चाचणीत अल्पस्निग्ध न्याहारीसोबत घेतलेल्या २५० मिलिग्रॅम ॲबिरॅटेरोनचा पीएसए या रक्तातील निदर्शकावरील परिणाम उपाशीपोटी घेतलेल्या १,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी नव्हता. चाचणी लहान असल्याने आयुर्मानाविषयी तीतून निष्कर्ष काढता येत नाही. तथापि औषध परवडत नसलेल्या रुग्णांसाठी हा पर्याय विचारात घेतला जातो.