इसार देण्याआधी सिबिल बघा

मुखेडच्या एका ताईंनी नांदेडला दोन खोल्यांचं घर पाहिलं, पन्नास हजार इसार दिला आणि मग कर्जासाठी बँकेत गेल्या. साहेब म्हणाले, "तुमच्या नावावर थकबाकी दिसते." ताई चक्रावल्या. एका खाजगी कंपनीचं गटकर्ज त्यांनी चार वर्षांपूर्वीच फेडलं होतं, पण कंपनीने खातं बंद झाल्याचं पुढे कळवलंच नव्हतं. इसार पावतीवर मुदत होती तीन महिन्यांची. म्हणून आज आपण सिबिलबद्दल बोलणार आहोत.

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कोणी कुठून किती कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला का, हे बँका आणि फायनान्सवाले त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० असे गुण मिळतात. आपल्या बचत गटाच्या कर्जाचं काय? रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच बँकांना गटाची माहिती सभासदनिहाय द्यायला सांगितलं आहे. तेव्हा "मी कुठं कर्ज काढलंय" असं म्हणून सुटका नाही. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही यात दिसू शकतं.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाईल नंबर टाकून तो मिळतो. मुलीला नाहीतर बँक सखीला सोबत घ्या, पण ओटीपी स्वतःच टाका. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत.

अहवाल इंग्रजीत असतो. घाबरू नका. आधी नाव, जन्मतारीख, पॅन नंबर बघा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिली. त्यात नाव सारखं, आडनाव सारखं, गावही एकच. मग एकीचं कर्ज दुसरीच्या अहवालात जाऊन बसतं. पॅनवर माहेरचं नाव आणि कर्जावर सासरचं असेल, तरीही घोळ होतो.

मग एकेक कर्ज बघा. महिन्यांच्या चौकटीत ००० असेल तर हप्ता वेळेवर गेला. ०९० असेल तर नव्वद दिवस थकला. फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी पैसे भरले, 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने ते बुडीत धरलं. घराचं कर्ज बहुधा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतं, म्हणून मालकांचाही अहवाल काढा. २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं पीककर्ज तिथे कसं दाखवलंय ते बघा, आणि बँकेकडून बेबाकी प्रमाणपत्र घेऊन ठेवा. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकार बँकांना सांगतं, पण घराच्या कर्जाला बँक ते बघतेच.

आपल्या भागातली आणखी एक गंमत. हैदराबाद बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्य कार्यालय नांदेडलाच होतं, तीही २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. त्यामुळे जुनं कर्ज नव्या नावाने दिसेल. हे आमचं नाहीच, असं म्हणण्याआधी तारीख आणि रक्कम जुळवून पाहा. एकच कर्ज दोनदा तर लागलं नाही ना, तेही बघा.

चूक सापडली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. सोबत पावती किंवा बेबाकी जोडा, आणि तशीच लेखी तक्रार कर्ज देणाऱ्याकडेही द्या. सिबिलवाले स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाहीत, ते कर्ज देणाऱ्याला विचारतात. म्हणून "पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा. खरोखर तडजोड केली असेल तर ती काही चूक नव्हे, तक्रारीने ती पुसली जाणार नाही. बाकीची रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करता येतं का, हे बँकेलाच विचारावं लागेल.

तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांच्या मदतीचा नंबर १४४४८. तिथेही फी नाही. आणि ज्यांनी आजवर कुठलंच कर्ज घेतलं नाही त्यांचे गुणच नसतात. तेवढ्या एका कारणावरून पहिलं कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे.

मुखेडच्या ताईंना शेवटच्या हप्त्याची पावती पेटीत, लुगड्यांच्या खाली सापडली. नोंद दुरुस्त व्हायला बेचाळीस दिवस लागले. घरमालक भले, त्यांनी मुदत एक महिना वाढवून दिली, नाहीतर पन्नास हजार गेलेच होते. आता रजिस्ट्री झाली आहे. वरच्या बारा दिवसांचे बाराशे रुपयेही ताईंनी मागितले आहेत. तक्रारीचा नंबर त्यांनी गटाच्या वहीत लिहून ठेवला होता.