इंग्रजी कच्चे म्हणून अर्ज सोडू नका

‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ म्हणत परदेशी शिष्यवृत्तीचा अर्जच न भरणारे तरुण आम्हाला नेहमी भेटतात. पण संशोधनपर लेखन इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही शिकावेच लागते. प्राध्यापक जॉन स्वेल्स यांनी इटली, स्वीडन, लिबिया, सुदान येथे इंग्रजी शिकवले. १९८५ मध्ये ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले. शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यांनी तीन पायऱ्या दाखवल्या: विषय महत्त्वाचा का, आधीच्या अभ्यासात काय राहून गेले आणि ती उणीव आपण कशी भरणार. आपल्या वस्तीचे कोणते प्रश्न अभ्यासातून सुटले, हे आपल्यापेक्षा कोण चांगले सांगणार? तिन्ही पायऱ्या आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा.