कारखाना बंद, गिऱ्हाईक चालू!

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनायच्या. गंमत बघा, किक आणि गिअरचा दांडा एकच! १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, पण गाड्या थांबल्या नाहीत. गावोगावच्या क्लबांनी त्या जपल्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला त्या आजही रस्त्यावर उतरतात.

आता धंद्याच्या नजरेने बघा. कंपनी गेली तरी केबल, रबर, सायलेन्सर लागतातच ना? पण लगेच माल भरू नका. आधी क्लबच्या राईडला जा. दहा मालकांना विचारा, "कुठला पार्ट मिळत नाही?" तिघा-चौघांनी एकच नाव घेतलं, की त्याचाच नमुना बनवा. भांडवल अडकण्याआधी गिऱ्हाईक ओळखा!