गाडीमागे पन्नास सेंट

३० लाख. वायपरने न बिघडता एवढ्या फेऱ्या मारून दाखवाव्यात, असं फोर्डच्या इंजिनिअरांनी रॉबर्ट कर्न्स यांना सांगितलं. दर पाच सेकंदांना एक फेरी धरली, तर रात्रंदिवस चालवूनही १७४ दिवस लागतात. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने तळघरात मासे ठेवायची काचेची टाकी मांडली. तिच्यात तेल आणि लाकडाचा भुसा भरला, म्हणजे मोटरवर खऱ्या वायपरसारखा ताण येईल. तिथे त्यांचं यंत्र फेऱ्या मारत राहिलं.

१९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून कर्न्स यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे त्यांच्या मनात आलं, पापणी काही सतत हलत नाही. मिटते, थांबते, पुन्हा मिटते. मग वायपरने का थांबू नये? तेव्हाचे वायपर रिमझिम पावसातही एकसारखे फिरत आणि कोरडी काच करकरा घासत. कर्न्स यांच्या विद्युत मंडलात (सर्किटमध्ये) कपॅसिटर हळूहळू भारित होतो, ठरावीक पातळीला ट्रान्झिस्टर चालू होतो, मोटर एक फेरी मारते आणि कपॅसिटर पुन्हा पहिल्यापासून भरू लागतो. रोध कमी-जास्त केला की थांबा लहान-मोठा होतो. १९६३ मध्ये हे सगळं आपल्या फोर्ड गॅलक्सीवर बसवून त्यांनी ते फोर्डला दाखवलं. डिसेंबर १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६७ मध्ये पेटंट मिळालं. दरम्यान फोर्डने त्यांच्याशी बोलणी थांबवली आणि १९६९ मध्ये थांबत थांबत चालणारे वायपर स्वतःच बाजारात आणले.

१९७६ मध्ये त्यांच्या मुलाने मर्सिडीजच्या वायपरचं नियंत्रक मंडल आणलं. कर्न्स यांनी ते उघडून पाहिलं. आत जवळपास त्यांचीच रचना होती! ते मनाने पार खचले. सावरल्यावर १९७८ मध्ये फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर त्यांनी दावा ठोकला.

आता वर्षांचा हिशेब बघा. अमेरिकी पेटंट तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षं टिकत असे. १९६७ अधिक १७ म्हणजे १९८४. फोर्डविरुद्धचा कौल आला १९९० मध्ये! दावा १२ वर्षं रेंगाळला आणि त्या काळात हक्कच संपून गेला. कर्न्स यांना स्वतःचा कारखाना काढून वायपर बनवायचे होते. पण मुदत संपलेल्या पेटंटवर मनाई हुकूम मिळत नाही. उरली फक्त भरपाई.

ज्युरीने पेटंट वैध ठरवलं, भंग झाल्याचं मान्य केलं, पण तो जाणूनबुजून नव्हता असं म्हटलं. अखेर फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर दिले. तोपर्यंत हे वायपर लावलेल्या फोर्डच्या दोन कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या, म्हणजे गाडीमागे जेमतेम ५० सेंट. क्रायस्लरचा खटला कर्न्स यांनी स्वतःच उभं राहून चालवला; कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात त्यांची मुलं मदतीला होती. तिथे सव्वा कोटी गाड्यांसाठी गाडीमागे ९० सेंट ठरले आणि व्याज धरून रक्कम १ कोटी ८७ लाख डॉलरवर गेली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायस्लरचं अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे ती हाती आली.

दोन्ही कंपन्यांच्या मिळून झाल्या सुमारे ३ कोटी ३० लाख गाड्या. प्रत्येक गाडीने आयुष्यभरात फक्त एक तास रिमझिम पाऊस पाहिला असं धरू. पाच सेकंदांना एक या दराने तासाला ७२० फेऱ्या, म्हणजे एकूण जवळपास २,४०० कोटी! आज पृथ्वीवर असलेल्या प्रत्येक माणसामागे तीन. आणि हा सगळा पसारा ज्यांच्या कल्पनेवर चालला, त्यांना गाडीमागे सरासरी एक डॉलरसुद्धा मिळाला नाही. ही भरपाई मला अपुरी वाटते. एवढं मोजून कंपन्या सुटल्या. कर्न्स यांचा मात्र संसार या लढाईत मोडला. पत्नीने सोबत सोडली, वकिलांवर प्रचंड पैसा गेला.

दोन डझनांहून अधिक मोटार कंपन्यांवर त्यांनी दावे लावले होते. फोर्ड आणि क्रायस्लर वगळता उरलेल्यांवरचे दावे कधी ज्युरीपुढे आलेच नाहीत. कागदपत्रं दाखल करण्याच्या मुदती चुकल्या म्हणून न्यायालयाने ते फेटाळले. २००५ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी कर्न्स वारले.